जुना घरगुती सर्व्हर नव्या यंत्रावर नेताना : वाचकांचे प्रश्न

दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने उभारलेले घरगुती सर्व्हर आता थकू लागले आहेत, असे या महिन्याच्या पत्रांवरून दिसते. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. जागेअभावी प्रश्न संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २०१३ साली घेतलेला एचपीचा मायक्रोसर्व्हर (एन५४एल) आहे. त्यात प्रत्येकी २ टीबीच्या चार डिस्क लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेड-५ पद्धतीने (एक डिस्क बिघडली तरी साठा वाचावा अशा रीतीने) जोडलेल्या असून त्यावर उबुंटू १४.०४ ही लिनक्स प्रणाली चालते. छायाचित्रे, वडिलांच्या कागदपत्रांचे स्कॅन आणि दुकानाचे हिशेब मिळून सुमारे ४.५ टीबी साठा आहे. घरातील तिघेजण विंडोज संगणकांवरून तो वापरतात. दोन डिस्क मूळच्याच आहेत, दोन मध्यंतरी बदलल्या. आता एन१०० प्रोसेसरचा छोटा पीसी घेऊन याच डिस्क त्याला जोडाव्यात आणि आहे तीच प्रणाली पुढे चालवावी, असा विचार आहे. तो योग्य आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : डिस्क हलवू नयेत आणि प्रणालीही हलवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हलवायचा आहे तो केवळ साठा, आणि तोही जुन्या यंत्रातील काहीही न बदलता.

प्रथम यंत्राविषयी. इंटेलने २०२३च्या आरंभी आणलेला चार कोअरचा एन१०० हा प्रोसेसर घरगुती कामासाठी चांगला आहे. आपल्या यंत्रातील २.२ गिगाहर्ट्झचा दोन कोअरचा ट्युरियन त्याच्यापुढे कितीतरी मागे पडतो. मात्र तळहाताएवढ्या पेटीत मिळणाऱ्या एन१०० पीसीमध्ये एम.२ची, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीची, एखादी जागा आणि फार तर एका अडीच इंची डिस्कची सोय असते. साडेतीन इंची चार डिस्क तेथे बसणार नाहीत, म्हणून दुकानदार आपल्याला यूएसबीने जोडायची डिस्कपेटी सुचवील. ती घेऊ नये. अशा पेट्यांतील स्वस्त जोडचिप ताण आल्यावर क्षणभर तुटतात, आणि ज्या रेडसंचातील दोन डिस्क एकाच वेळी नाहीशा झाल्या तो संच लिनक्सच्या लेखी मोडलेला असतो. शिवाय काही पेट्या डिस्कच्या सेक्टरचा आकार बदलून दाखवतात. त्या पेटीत भरलेली डिस्क पुढे कधी थेट मदरबोर्डच्या साटा केबलला लावली, तर तिच्यावरील पार्टिशनच सापडत नाही.

मिनी-आयटीएक्स आकाराचा एन१०० मदरबोर्ड घेऊन त्याला साटाची जादा जोडणी देणे हा एक मार्ग आहे. परंतु साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टच्या तारेतून सुमारे २ अँपिअर ओढते, हे ध्यानात ठेवावे. चार डिस्क एकदम सुरू झाल्या म्हणजे काही क्षण १०० वॅटच्या आसपास भार येतो आणि लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालणारे बोर्ड तेथे नांगी टाकतात. कार्यालयांतून बाहेर पडलेले, इंटेलच्या आठव्या पिढीचे टॉवर डेस्कटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि इतरत्रही सहज मिळतात. त्यांत दोन साडेतीन इंची डिस्कची जागा, चांगला वीजपुरवठा आणि चार साटा जोडण्या बहुधा असतात. आपल्यासाठी मी असा टॉवर आणि ८ टीबीच्या दोन नव्या डिस्क आरशासारख्या, म्हणजे रेड-१ पद्धतीने, हा पर्याय निवडेन. डिस्क विकत घेताना ती ‘एसएमआर’ पद्धतीची नाही एवढे उत्पादकाच्या तक्त्यात पाहून घ्यावे, कारण त्या पद्धतीत ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिलेले असल्याने एक डिस्क बदलून संच पुन्हा जुळवताना वेग अतिशय मंदावतो.

वीजबिल कमी होईल ही अपेक्षा रास्त असली तरी तिचा हिशेब करून पाहावा. वर्षाचे तास ८,७६०. नवे यंत्र जुन्यापेक्षा २० वॅट कमी घेते असे धरले तर वर्षाला सुमारे १७५ युनिट वाचतात आणि युनिटला १० रुपये धरल्यास १,७५० रुपये होतात. महावितरणचे घरगुती दर १०० आणि ३०० युनिटांवर टप्प्याने चढत असल्यामुळे वाचलेली युनिटे महागड्या टप्प्यातील असतात, हा थोडा अधिक फायदा. तरीही केवळ बिलापायी नवे यंत्र घेण्याची घाई करण्याजोगी ही रक्कम नाही. घाई करावी ती डिस्कच्या वयापायी आणि प्रणालीच्या वयापायी.

उबुंटू १४.०४ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती एप्रिल २०१९मध्येच थांबली. त्यातील मूळ कर्नल (प्रणालीचा गाभा) ३.१३ हा २०१४ सालचा असल्याने नव्या मदरबोर्डवरील नेटवर्क आणि ग्राफिक्स चिप त्याला ठाऊक नसतात. आपले यंत्र जुन्या बायोस पद्धतीने सुरू होते, तर आजचे बोर्ड यूईएफआय पद्धतीचे असतात आणि त्यांतील अनेकांत जुनी पद्धत उरलेलीच नाही. म्हणजे जुनी डिस्क नव्या यंत्रात लावली तर बहुधा काळा पडदाच दिसेल, आणि यंत्र सुरू झालेच तर नेटवर्क नसेल. डेबियन १३ किंवा उबुंटूची चालू दीर्घकालीन आवृत्ती कोऱ्या एसएसडीवर नव्याने बसवण्याला एक दुपार पुरते. जुनी प्रणाली रेटत नेण्याला किती दुपारी लागतील ते कोणी सांगू शकत नाही.

आता डिस्कविषयी, कारण खरा धोका तेथे आहे. रेड-५मध्ये एक डिस्क गेली तर साठा वाचतो, पण नवी डिस्क लावून संच जुळवताना उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. आपल्या बाबतीत ते ६ टीबी होतात. सामान्य डिस्कचे उत्पादक सुमारे १२.५ टीबी वाचनामागे एक न वाचता येणारा सेक्टर गृहीत धरतात. प्रत्यक्षात डिस्क पुष्कळदा याहून बऱ्या निघतात, तरी दहा वर्षे अखंड फिरलेल्या डिस्कवर हा जुगार खेळण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे फिरत राहिलेली डिस्क एकदा थंड झाली की पुन्हा फिरेलच अशी खात्रीही नसते. म्हणून पहिली पूर्ण प्रत नव्या यंत्रावर येईपर्यंत जुना सर्व्हर बंद करू नये, त्याची प्रणाली अद्ययावत करू नये, धूळ झाडायलाही उघडू नये. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या, नोंदी मात्र आजच काढून पाहाव्यात. ५ क्रमांकाची नोंद बदललेल्या सेक्टरांची, १९७ क्रमांकाची वाचता न आल्याने रखडलेल्या सेक्टरांची असते; १९७ शून्य नसेल तर त्याच आठवड्यात प्रत घ्यावी आणि आधी छायाचित्रे व हिशेब घ्यावेत. १९९ची नोंद वाढलेली दिसली तर घाबरू नये, तो दोष बहुधा केबलचा असतो.

प्रत घेण्यासाठी आरसिंक हे साधन पुरेसे आहे. गिगाबिट जाळ्यावर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे ४.५ टीबीला साडेअकरा तास. लहान फायली लाखोंनी असतील तर बराच अधिक वेळ. येथे आपल्या यंत्राची एक मर्यादा आड येते. त्या ट्युरियनमध्ये एईएस सांकेतिकीकरणाच्या खास सूचना नाहीत, त्यामुळे एसएसएच या सांकेतिक जोडणीतून प्रत घेतली तर प्रोसेसर दमतो आणि वेग बराच खाली येतो. प्रत घरातल्या घरात होत असल्याने जुन्या सर्व्हरवरील फोल्डर एनएफएसने (जाळ्यावरून फोल्डर वाटण्याच्या पद्धतीने) केवळ वाचनासाठी खुला करावा किंवा आरसिंकची स्वतःची सेवा चालवावी. केवळ वाचनासाठी हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण आरसिंकमध्ये स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल करून ‘डिलीट’ हा पर्याय दिला तर रिकाम्या डिस्कची हुबेहूब प्रत निघते. स्रोताच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर फोल्डरमधील वस्तू जातात आणि न दिल्यास फोल्डर स्वतः जातो, हेही आधी एका छोट्या फोल्डरवर करून पाहावे.

नव्या यंत्रावर घरातील तिघांची खाती प्रतीपूर्वीच तयार करावीत आणि त्यांचे क्रमांक जुन्यासारखेच ठेवावेत. लिनक्स फाइलच्या मालकाचे नाव लिहून ठेवत नाही, १००० किंवा १००१ असा क्रमांक लिहून ठेवते. जुन्या यंत्रावर १००१ आपल्या पत्नी आणि १००२ चिरंजीव असतील आणि नव्यावर खाती उलट क्रमाने उघडली गेली, तर आईचे फोल्डर मुलाच्या मालकीचे होतात. सांबाचे (विंडोज संगणकांना फोल्डर दाखवणाऱ्या सेवेचे) पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डांपासून वेगळे साठवलेले असतात; तिघांचेच असल्याने ते नव्याने घालून घेणे सोपे. पासवर्डशिवाय उघडणारा सामाईक फोल्डर आपण ठेवला असेल तर नवे विंडोज तो बहुधा नाकारील, तेव्हा ती सवय येथेच सोडावी.

पहिली प्रत चालू असताना घरातील लोकांनी काम थांबवण्याची गरज नाही. ती झाल्यावर एखाद्या रविवारी हिशेबाचे सॉफ्टवेअर सर्व संगणकांवर बंद करावे, जुन्या सर्व्हरवरील सांबा थांबवावा आणि आरसिंक पुन्हा चालवावे. या वेळी केवळ बदललेल्या फायली जात असल्याने काम लवकर आटोपते. त्यानंतर ‘चेकसम’ आणि ‘नुसता सराव’ हे दोन पर्याय एकत्र देऊन तिसरी फेरी रात्रभर चालू द्यावी. त्यात दोन्ही बाजूंच्या फायलींचा मजकूर पूर्ण वाचून ताडला जातो आणि काहीही लिहिले जात नाही. सकाळी यादी रिकामी असेल तर प्रत खरी. ही फेरी बरेच जण कंटाळून टाळतात, पण संपूर्ण खटाटोपात मला तीच सर्वांत मोलाची वाटते.

मग नव्या यंत्राला जुन्याचे नाव आणि आयपी पत्ता द्यावा, म्हणजे विंडोज संगणकांवरील जोडलेले ड्राइव्ह जसेच्या तसे उघडतील. राउटरमध्ये पत्ता मॅक क्रमांकाशी (नेटवर्क चिपच्या ओळखक्रमांकाशी) बांधलेला असेल तर नव्या यंत्राचा मॅक तेथे घालावा लागेल. एखादा जुना स्कॅनर किंवा टीव्ही मात्र रुसेल. तो एसएमबी या फायली वाटण्याच्या भाषेची पहिली आवृत्ती बोलत असतो, आणि २०१९मध्ये आलेल्या सांबा ४.११पासून ती मुळातच बंद ठेवलेली असते. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर त्याच आवृत्तीतील भगदाडातून पसरले होते. स्कॅनरसाठी ती पुन्हा उघडण्याऐवजी त्याला एफटीपी किंवा ई-मेलने स्कॅन पाठवायला लावावे.

जुना मायक्रोसर्व्हर लगेच मोडीत काढू नये. त्यातील रेडसंच ही आपली दुसरी प्रत आहे. महिन्यातून एकदा तो सुरू करून नव्यावरील बदल त्यात घ्यावेत आणि पुन्हा बंद करावा. तो पुढे कधी थेट जोडण्याची वेळ आली तर चार डिस्क कोणत्या क्रमाने लावल्या याने फरक पडत नाही, कारण संचाची ओळख डिस्कवरच लिहिलेली असते. फक्त दुसऱ्या यंत्रावर तो संच एमडी-०ऐवजी एमडी-१२७ या नावाने उगवतो, म्हणून जोडणीच्या फाइलमध्ये नावाऐवजी यूयूआयडी (संचाचा ओळखक्रमांक) लिहावा. आणि आपण सांगलीचे आहात. ऑगस्ट २०१९चा पूर लक्षात घेता दोन्ही यंत्रे तळमजल्यावरील एकाच खोलीत ठेवू नयेत. छायाचित्रांची आणि हिशेबाची तिसरी प्रत एका बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती गावाबाहेरील नातेवाइकाकडे ठेवता आली तर फारच चांगले.

प्रश्न : माझ्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन ९ ही लिनक्स प्रणाली, नेक्स्टक्लाउड (घरच्या फायली, दिनदर्शिका ठेवणारी सेवा), त्यासाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि संपूर्ण घरासाठी पाय-होल (जाहिराती गाळणारी डीएनएस सेवा) चालते. नवा पीसी आणून ठेवला आहे. पण पाय-होल बंद झाले की घरातील इंटरनेटच बंद पडल्यासारखे होते, आणि मुलीचे ऑनलाइन वर्ग असतात. शिवाय नेक्स्टक्लाउड फार जुने (१५वी आवृत्ती) आहे. ते नव्यावर कसे न्यावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोन्ही कामे एका दिवशी करू नयेत. पाय-होल आधी हलवावे, ते सोपे आहे.

नव्या पीसीला तात्पुरता वेगळा पत्ता देऊन त्यावर पाय-होल चालू करावे आणि केवळ आपल्या फोनच्या वाय-फाय जोडणीत तो पत्ता डीएनएस (नावावरून इंटरनेटवरील पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून हाताने घालून दोन-तीन दिवस वापरून पाहावा. समाधान झाले की राउटरमधील डीएनएसचा पत्ता बदलावा. राउटर जो पत्ता वाटतो त्याची मुदत बहुधा २४ तासांची असते, म्हणून आदल्या दिवशीच ती तासाभराची करून ठेवावी. नाहीतर घरातील अर्धी उपकरणे दुसऱ्या दिवसापर्यंत जुन्याच पत्त्यावर विचारत राहतील. पत्ते वाटण्याचे कामही पाय-होलकडेच असेल, तर जुने बंद केल्याशिवाय नव्यावर ती सेवा सुरू करू नये. एका जाळ्यात पत्ते वाटणारे दोघे असले की कोणते उपकरण कोणाचे ऐकेल याचा नेम राहत नाही.

एक खुबी येथे अडकवते. नवा पीसी स्वतःच्या चौकशीसाठीही स्वतःवरील पाय-होललाच विचारत असेल आणि पाय-होल कंटेनरमध्ये (सुट्या, बंदिस्त गठ्ठ्यात) असेल, तर तो कंटेनर उतरवून घेण्यासाठी लागणारे डीएनएस त्या कंटेनरमध्येच असते. म्हणून सर्व्हरला स्वतःसाठी राउटरचा किंवा बाहेरचा डीएनएस द्यावा. याच्याच जातीची दुसरी अडचण घड्याळाची. मदरबोर्डवरील सीआर२०३२ सेल संपला असेल तर वीज गेल्यावर घड्याळ मागे जाते, चुकीच्या तारखेमुळे डीएनएसएसईसीची, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांच्या खरेपणाची, पडताळणी फसते, आणि ती फसल्यामुळे वेळ जुळवून देणाऱ्या सर्व्हरचे नावही सापडत नाही. नवा पीसी दुसऱ्या हाताचा असेल तर तो सेल आणल्याबरोबर बदलावा.

नेक्स्टक्लाउडची गोष्ट निराळी. त्याच्या एका मुख्य आवृत्तीवरून पुढच्याच मुख्य आवृत्तीवर जाता येते, मधल्या गाळता येत नाहीत. नेक्स्टक्लाउड पीएचपी या भाषेवर चालते; डेबियन ९मध्ये पीएचपी ७.० आहे आणि १५ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. डेबियन १२वर पीएचपी ८.२ मिळते, आणि ते २६व्या आवृत्तीपासून चालते. म्हणजे मधल्या अकरा पायऱ्या वेगवेगळ्या पीएचपींसह चढाव्या लागतील. कंटेनरच्या साहाय्याने ते करता येते आणि एखाद्या संस्थेच्या सर्व्हरसाठी मी तेच सुचवले असते. पण घरातील चार माणसांसाठी मला ते श्रम व्यर्थ वाटतात. नेक्स्टक्लाउड फायली साध्या फायली म्हणूनच प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये ठेवते. नवी आवृत्ती कोरी बसवावी, तीच खाती उघडावीत, फायली त्या त्या फोल्डरमध्ये घालाव्यात आणि त्यांची नोंद घेण्यासाठी स्कॅनची आज्ञा चालवावी. दिनदर्शिका आणि संपर्क जुन्यावरून फाइलरूपात उतरवून नव्यात भरता येतात. जाईल ते एवढेच : जुन्या सामायिक दुव्यांचे पत्ते, फायलींच्या मागील आवृत्त्या आणि त्यांवरील टिपा. त्यांत जिवापाड जपावे असे काही आहे का, हे घरातील लोकांना विचारून मगच ठरवावे.

तरीही पायऱ्या चढायचेच ठरले, तर आधी देखभालीची स्थिती चालू करून पोस्टग्रेसचा डंप (सर्व नोंदींची फाइलरूपातील प्रत) घ्यावा. डेबियन ९मधील ९.६ आवृत्तीची माहिती-निर्देशिका उचलून डेबियन १२मधील १५व्या आवृत्तीला दिली तर ती सुरूच होणार नाही. मुख्य आवृत्ती बदलली की आतली मांडणी बदलते. डंप नव्या आवृत्तीच्या साधनाने, जुन्या सर्व्हरला जोडून घेणे उत्तम. ज्यांच्याकडे दोन्हीकडे पोस्टग्रेसची एकच आवृत्ती आहे त्यांना निर्देशिका उचलून नेण्याचा मोह होतो आणि ती सुरूही होते. परंतु २०१८मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ या लिनक्सच्या मूलभूत लायब्ररीने अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलले. त्या जुन्या क्रमाने रचलेले इंडेक्स नव्या प्रणालीवर गुपचूप चुकीची उत्तरे देतात : नोंद असूनही सापडत नाही, किंवा एकच नोंद दोनदा शिरते. डंप घेऊन भरला तर सर्व इंडेक्स नव्याने बांधले जातात आणि हा प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न : विंडोज संगणकाला जोडलेल्या डिस्कवरून सुमारे एक टीबी स्कॅन नव्या लिनक्स सर्व्हरवर नेताना शेकडो फायली ‘नाव फार लांब आहे’ असे सांगून अडल्या. इंग्रजी नावांच्या फायली मात्र सर्व गेल्या. भावाच्या मॅकवरून पाठवलेली काही फोल्डर तर आता दोनदा दिसतात, नाव अगदी तेच. हा देवनागरीचा दोष आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : दोष मोजण्याच्या पद्धतीचा आहे, आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांत याचा उल्लेख क्वचितच येत असल्याने मराठी माणसाला तो स्वतःच शोधावा लागतो.

विंडोजची एनटीएफएस पद्धत एका नावाला २५५ संकेतांपर्यंत मुभा देते आणि देवनागरीचे चिन्ह एकच संकेत मानते. लिनक्सची एक्स्ट४, एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस ही पद्धत २५५ बाइट मोजते, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे आपल्या वाट्याला ८५ चिन्हे येतात. त्यातही चिन्ह म्हणजे डोळ्यांना दिसणारे अक्षर नव्हे. ‘सिंधुदुर्ग’ वाचताना चार अक्षरे दिसतात. संगणकाच्या लेखी स, वेलांटी, अनुस्वार, ध, उकार, द, उकार, र, हलन्त आणि ग अशी ती १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट. ‘मौजे अमुक, तालुका तमुक, गट क्रमांक, सातबारा, फेरफार, सन’ असे सगळे नावातच लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि तेवढ्यात ८५ चिन्हे संपतात. सायनॉलॉजीसारख्या तयार पेट्यांवरील सांकेतिक फोल्डरमध्ये तर ही मर्यादा १४३ बाइटांची, म्हणजे देवनागरीच्या ४७ चिन्हांची आहे.

उपाय विंडोजच्या बाजूनेच करावा. नावातील तालुका, गाव, वर्ष ही माहिती फोल्डरांच्या उतरंडीत घालावी आणि फाइलचे नाव आखूड करावे. शेकडो नावे हाताने बदलू नयेत. सर्व नावांची यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवून जुने नाव, नवे नाव अशा दोन स्तंभांवरून एक छोटी स्क्रिप्ट चालवावी आणि ती यादी जपून ठेवावी. जुन्या नावाने एखादा कागद कोणी मागितला तर तीच उपयोगी पडते.

दुहेरी फोल्डरांचे मूळ युनिकोडमध्ये आहे. काही अक्षरे दोन पद्धतींनी लिहिता येतात. ‘कऱ्हाड’मधील ऱ हा एकच संकेत म्हणून लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता असे दोन संकेत म्हणूनही. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीत नावे साठवताना अशी अक्षरे सुटी केली जातात. विंडोज आणि लिनक्स मात्र जशी आली तशी ठेवतात. त्यामुळे विंडोजवरून आलेले ‘कऱ्हाड’ आणि मॅकवरून आलेले ‘कऱ्हाड’ डोळ्यांना एकच असले तरी लिनक्सच्या दृष्टीने दोन वेगळे फोल्डर ठरतात. काही कळफलकांवर हाच उच्चार र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा तिसऱ्याच पद्धतीने उमटतो. पहिल्या दोघांचा मेळ आरसिंकचा ‘आयकॉन्व्ह’ हा पर्याय घालतो, त्यात मॅकची यूटीएफ-८ आणि साधी यूटीएफ-८ असे दोन्ही बाजूंचे संकेतन सांगावे लागते. तिसऱ्यावर तो चालत नाही. तेथे शोधून बदलणे हाच मार्ग. दोन फोल्डर एकत्र करण्यापूर्वी त्यांतील एकाच नावाच्या फायली खरोखर सारख्या आहेत का, हे चेकसमने पाहावे. भावाने त्यांतील एखादी सुधारून पाठवलेली असू शकते.

प्रश्न : सहाव्या पिढीचा आय५ डेस्कटॉप फारच स्वस्तात मिळत आहे. तो घ्यावा का? माझ्या जुन्या सर्व्हरमध्ये ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) मेमरी होती आणि डिस्कवर झेडएफएस ही साठवणपद्धत आहे. ईसीसी नसेल तर झेडएफएस वापरू नये असे वाचले. आणि जुने यंत्र भंगारवाल्याला दिले तर चालेल का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. त्यामुळे कार्यालये सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे काढून टाकत आहेत आणि म्हणून ती स्वस्त आहेत. लिनक्सला त्यांचे वावडे नाही. केवळ फायली साठवायच्या असतील तर खुशाल घ्यावे. चित्रफिती रूपांतरित करून टीव्हीला पाठवायच्या असतील तर मात्र सातवी पिढी किंवा पुढची पाहावी, कारण १० बिट एचईव्हीसी या प्रकारच्या चित्रफिती उलगडण्याची सोय तेथून सुरू होते.

ईसीसी नसलेल्या यंत्रावर झेडएफएस इतर कोणत्याही पद्धतीहून अधिक धोक्याची नाही. मेमरीतील चूक सर्वांनाच सारखी भोवते, आणि डिस्कवरील चुका तरी झेडएफएस ओळखते. ईसीसी असणे चांगलेच, पण त्यापायी दहा वर्षांचे यंत्र आणखी रेटण्यापेक्षा नव्या यंत्रावर मेमटेस्ट ही मेमरीची चाचणी एक रात्र चालवून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पूल (झेडएफएसचा डिस्कसंच) हलवताना आधी जुन्या यंत्रावर ‘एक्सपोर्ट’ करावा, नाहीतर नवे यंत्र तो दुसऱ्याच्या ताब्यात असल्याचे सांगून अडून बसते आणि जबरदस्तीने घ्यावा लागतो. नव्यावर पूल उघडल्यावर ‘नवी वैशिष्ट्ये उपलब्ध आहेत, पूल अपग्रेड करा’ अशी सूचना दिसेल. तिच्याकडे महिनाभर दुर्लक्ष करावे. अपग्रेड करताच तो पूल जुन्या यंत्रावर उघडेनासा होण्याची शक्यता असते आणि परतीची वाट बंद होते. त्या महिन्यात एक ‘स्क्रब’ (सर्व साठा वाचून केलेली तपासणी) पूर्ण होऊ द्यावा आणि त्यात चूक निघाली नाही तरच अपग्रेडचा विचार करावा.

भंगारवाल्याला पेटी देण्यास हरकत नाही, डिस्क देण्यास आहे. फायली पुसल्या किंवा डिस्क फॉरमॅट केली तरी मजकूर बहुतांशी तसाच राहतो. फिरत्या डिस्कवर सर्वत्र एकदा शून्ये लिहिली म्हणजे पुरे. २ टीबीला चार-पाच तास लागतात. एसएसडीवर या पद्धतीचा भरवसा नाही, तेथे डिस्कची स्वतःची ‘सिक्युअर इरेज’ आज्ञा वापरावी. जी डिस्क सुरूच होत नाही तिच्यावर काही लिहिता येत नाही, म्हणून तिच्या तबकड्या उघडून खराब कराव्यात. उरलेली पेटी आणि मदरबोर्ड नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत संगणक आणि त्यांचे सुटे भाग येतात. त्यातील ईसीसी मेमरी डीडीआर३ असेल तर ती नव्या यंत्रात बहुधा चालणार नाही, पण पहिल्या पत्रातल्यासारख्या जुन्या मायक्रोसर्व्हरच्या मालकांना ती हवी असते, तेव्हा ती आधी काढून ठेवावी.